दादाने केलेली खूण

दवाखान्यात फोन घेणाऱ्या ताईचा आवाज शहरभर ओळखीचा होता, पण दवाखान्याच्या दारापर्यंत तिला रोज तिचा मोठा भाऊ न्यायचा. ऐन तिशीत तिची नजर गेली तेव्हापासून स्कूटरवर मागे बसवून नेणं-आणणं हे त्याने आपल्याच अंगावर घेतलं होतं. त्याला काळजी करायची हौसही दांडगी. यंदा त्याच्या कामाची पाळी पहाटेची झाली आणि त्याने फर्मान काढलं: एकदा एकटी पोचून दाखव, नाहीतर नोकरी सोड, ती भाड्याची खोली सोड आणि आमच्याकडे राहायला ये. वहिनीनेही त्याची री ओढली. दोघं मायेचीच माणसं, पण आपली खोली आणि आपलं काम यांवर ताईचा जीव होता.

मग तिच्या फोनमध्ये उपग्रहांवरून वाट सांगणारं ॲप आलं. दवाखान्याच्या जागेची खूण दादाने स्वतः जाऊन त्यात नोंदवली. असल्या कामात त्याचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता.

ठरल्या दिवशी ताई पांढरी काठी घेऊन निघाली. एका कानात ॲपमधली बाई, दुसरा कान रस्त्याकडे. बाईने वळ म्हटलं तरी आधी काठीने चाचपायचं, मगच पाऊल टाकायचं. चौक तिने गाड्यांचा आवाज थांबल्यावरच ओलांडला. अखेर बाई म्हणाली, ठिकाण आलं. ताईने हात पुढे केला, तर हाताला लागली एका स्कूटरची सीट. शेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. दाराचा पत्ताच नाही.

आधी तिने उपग्रहांच्या नावाने बोटं मोडली. मग उलगडा झाला आणि तिला हसूच फुटलं. दादा स्कूटर लावायचा तिथेच उभं राहून त्याने खूण केली होती. त्याच्या लेखी दवाखाना तिथेच येत होता. तिथून दारापर्यंत ती त्याचा दंड धरून गप्पा मारत जायची. वहिनीच्या तक्रारी, पुतणीचे प्रताप. त्या नादात ही वाट तिने कधी ध्यानात ठेवलीच नव्हती. आता तिला दादाची फार आठवण आली, आणि भीतीही वाटली.

ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दाराची घरघर ऐकू आली. त्या रोखाने काठी टेकत ती पोचली, दारात उभं राहून तिने आपली नवी खूण नोंदवली आणि दादाला फोन लावला.

"बरोबर दारात आणलं ना त्या ॲपने?" दादाने विचारलं.

"तुझ्या स्कूटरच्या जागेपर्यंत आणलं. पुढे माझी मी आले."

दादा म्हणाला, "तेवढंच तर चालायचो आपण बरोबर."

आजवर दादा नुसतं सांगायचा, तयार राहा, येतोय. आज तो चाचरत म्हणाला, "संध्याकाळी न्यायला येऊ का?"

"ये. पण स्कूटर घरी ठेव. माझ्या खोलीपर्यंत चालत जाऊ, वाट मी सांगते."