मागच्या पडवीतली भेट

"वरून ओत. तांब्या लागू देऊ नकोस त्याला."

सासरे माझ्या मुलीला सांगत होते. 'त्याला' म्हणजे मला. तिच्या बापाला.

सांडोर गावातल्या त्यांच्या केळीच्या वाडीत मजूर मागच्या पडवीत बसतात. केळीचे घड तिथेच उतरवतात, मजुरी तिथेच घेतात. पंपाच्या खोलीबाहेर कोनाड्यात मजुरांना पाणी द्यायचा तांब्या. पाणी मागितलं की घरचं कुणीतरी येऊन वरून ओततं, मजूर ओंजळीने पितो. जुनी रीत. त्या दिवशी ते काम माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दिलं होतं. तिने दोन्ही हातांनी तांब्या उचलला, जीभ दातांखाली धरली आणि बारीक धार सोडली.

"बाबा, बघ, मला जमतं आता."

मी प्यायलो. हे आधी लिहून टाकतो. ते पाणी मी प्यायलो.

मी जूचंद्र गावचा. आमच्या पिढ्या मिठागरात राबल्या. मी शिकून कारखान्यात फिटर झालो आणि या बागायतदाराच्या मुलीशी लग्न केलं. तिच्या घरच्यांनी आमची जात काढली, तरी ती आली. मग मीच ते मोडलं. दारू प्यायचो. एका संध्याकाळी मुलीदेखत बायकोवर हात उचलला. ती मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. तिचं बरोबर होतं. त्यावर मला आजही काही बोलायचं नाही.

कोर्टाने पोटगी ठरवली. मुलीच्या भेटीचं "आपसात ठरवा" म्हणून सोडून दिलं. आपसात म्हणजे सासऱ्यांनी ठरवलं. दर महिन्याला मागच्या पडवीत यायचं, पैसे ओट्यावर ठेवायचे, मग मुलीला हाक. पुढचं दार मला बंद.

दारू सोडली होती. मान खालीच होती. वाटायचं, ही शिक्षा आहे आपली. उभं करतील तिथे उभं राहावं. अपमान झाला की आतून बरंसुद्धा वाटायचं. फेडतोय, असं.

त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणालो, "आज तिने मला पाणी दिलं."

आई फुटलेल्या टाचांना तेल चोळत होती. पावसाळ्यात मिठागर बंद असलं की तीही बागांत मजुरीला जायची.

"कशात दिला?"

मी ओंजळ करून दाखवली.

"ओंजलीत?" तिचा हात थांबला. "माझे हातावर लोकांनी जलमभर पानी वतला. आता माझीच नात वतते? बायकोला मारलास, तं बायकोचे पाया पड. त्या म्हाताऱ्याचे कशाला पडतस?"

रात्रभर तेच डोक्यात. मी मारलं होतं बायकोला. हे पाणी त्याची शिक्षा नव्हतंच. मी देवमाणूस असतो, तरी त्या पडवीत मला ओंजळच मिळाली असती. आणि माझी पोर माझ्याच हातांवर शिकत होती, कुणाला वरून ओतायचं ते.

पुढच्या महिन्यात ती तांब्या घेऊन आली. मी हात मागे घेतले. धार जमिनीवर पडली.

"बाबा, हात धर ना."

"तांब्या माझ्या हातात दे, बाळा."

तिने आजोबांकडे पाहिलं.

"जावईबापूंना आता चांदीचा पेला हवा," सासरे मजुरांकडे बघून म्हणाले. कुणी हसलं नाही.

"पोटगी चुकणार नाही," मी म्हणालो. "मनीऑर्डरने येईल, तुमच्या मुलीच्या नावावर. मुलीला भेटायला येईन तो पुढच्या दाराने."

"पुढचं दार तुझ्या बापानं बांधलंय का रे?"

"नाही. मग कोर्ट सांगेल तिथे भेटेन."

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. मी हात जोडले. "तुला मारलं. माफी तुझी मागतो. यांची नाही." तिने बोलावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

मी निघालो. मागून मुलगी ओरडली, "बाबा, मी हळू ओतते ना!"

तिला वाटलं, तिचंच चुकलं. ते ओझं माझं.

कोर्टात अर्ज दिलाय. तारखा पडताहेत. मनीऑर्डर जाते, पोचपावतीवर बायकोची सही येते. मुलीला न बघता दिवाळी गेली. लोक म्हणतात, तांब्याभर पाण्यापायी पोर घालवलीस. थकलोय मी. ती मला विसरली तरी चालेल, असं म्हणणार नाही. चालणार नाही. पण पोटगी मी बाप म्हणून देतो, पोरीचं तोंड बघायचं भाडं म्हणून नाही. भेटेन तेव्हा तिच्या हातातून भांडं घेईन, तोंड लावून पिईन, तिला देईन.

तोवर तहानलेला राहीन. ओंजळ पुढे करणार नाही. तिच्याही पुढे नाही.