अस्वलाच्या मुलखात एक डुलकी

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही बघा. माणसाच्या हातून घोटाळे होतात, मान्य. पण जगाच्या टोकाला जाऊन, शंभरेक परदेशी माणसांच्या देखत, बंदुकीच्या टप्प्यात उभं राहून कुणी घोटाळा करतं का? मी केला. चहा घ्या आणि ऐका. हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात की मला परत सुरू करावं लागतं, आणि आता तेवढी ताकद राहिलेली नाही.

मी कर्जतला तीस वर्षं भूगोल शिकवला. टुंड्रा, हिमनदी, फियॉर्ड, सगळं खडूनं फळ्यावर. निवृत्त झालो आणि आमच्या मुक्तानं, म्हणजे मुलीनं, ती ऑस्लोला असते, आम्हा दोघांना उत्तरेकडच्या क्रूझची तिकिटंच पाठवली. "बाबा, आयुष्यभर शिकवलंत ना? आता एकदा बघून तरी या!"

क्रूझ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आरामखुर्ची, मांडीवर पांघरूण, हातात कॉफी आणि समोरून हिमनग सरकतोय. माझ्याही डोळ्यांपुढे तेच आलं. तिकिटावर 'क्रूझ'च्या आधी 'एक्स्पिडिशन' असाही एक शब्द होता. एक्स्पिडिशन म्हणजे मोहीम! तो मी वाचलाच नाही. आणि हा माणूस पोरांना सांगायचा, प्रश्न नीट वाचा म्हणून.

अहो, सकाळी नाश्ता झाला की लगेच कपडे. आत गरम बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, त्यावर बोटीवाल्यांनी दिलेलं नारिंगी जाकीट, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. घालून होईतो मी घामाघूम. मग डुचमळणाऱ्या रबरी होडीत बसायचं, किनाऱ्यावर उतरायचं आणि दगडधोंड्यांतून तंगडतोड करायची. दुपारी परत तेच! माथेरानला गेलो तर गाड्या थांबतात त्या दस्तुरीलाच मी घोडा करतो हो. इथे घोडा कुठला मागू?

बरं, झोप म्हणाल तर सूर्य मावळतच नाही. पडदा कसाही ओढा, फटीतून ऊन तोंडावर. चार दिवसांत माझे डोळे असे झाले की जेवणाच्या टेबलावर सूप पिता पिता मान खाली गेली.

आमची ही, सुनंदा, माहेर लोधिवलीचं, तिच्या मात्र पायाला भिंगरी. सगळ्यांच्या पुढे! "अहो, चला की! इथवर येऊन बसून काय राहायचं?"

सहाव्या दिवशी एका फियॉर्डच्या काठी उतरलो. दोन्ही बाजूंना काळे उभे कडे, मधे शिशासारखं पाणी, वरून धुकं उतरत आलेलं. आमची गाईड इंग्रिड, सहा फूट उंच बाई, खांद्याला बंदूक. ती रोज एकच धडा द्यायची, "ही पांढऱ्या अस्वलांची जागा आहे. माझ्या नजरेबाहेर जायचं नाही. काहीही झालं तरी पळायचं नाही." मी मान डोलवायचो. वर्गात मागच्या बाकावरची पोरं डोलवायची ना, तशीच.

पन्नास पावलं चाललो आणि पाय संपले. एक मोठा दगड दिसला, माणूसभर उंच. म्हटलं, याच्या आडोशाला पाच मिनिटं टेकू. इंग्रिडच्या नजरेबाहेर? अहो, पाच मिनिटांनी काय होतंय!

वारा मात्र झोंबत होता. सॅकमध्ये माझी शाल होती. शाळेच्या निरोपसमारंभात मिळालेली, पांढरी, जाड, लोकरीची. शाल कसली, ब्लँकेटच ते. ती काढली, सॅक परत पाठीवर चढवली आणि डोक्यापासून गमबुटांपर्यंत सगळं त्या शालीत गुंडाळून दगडाला टेकलो. सहा दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांवर अंधार आला. काय सुख होतं म्हणून सांगू! कुशीवर वळलो आणि गाढ झोपलो.

जाग आली ती शिट्ट्यांनी. लांबून ओरडा, "बेअर! बेअर!"

अस्वल! कुठे आहे? समोर माणसं आहेत, म्हणजे मागेच असणार! मागे वळून बघायची हिंमत कुणाला? मी उठलो आणि निघालो माणसांच्या दिशेनं. ओल्या दगडांवर गमबूट टिकेनात, म्हणून हात टेकले. चार पायांवर म्हणा ना! शाल गळ्याशी गाठ मारलेली, ती अंगावर तशीच. पाठीवर सॅकचं कुबड. ओरडायला गेलो तर घशातून शब्द फुटेना, नुसतं "आँऽऽ, आँऽऽ!"

आणि काय बघतो? सगळे माझ्यापासून लांब पळतायत!

मला वाटलं, अस्वल अगदी पाठीशीच आलं. मी आणखी जोर केला. ते आणखी पळाले. पळायचं नाही हा धडा एकालाही आठवला नाही. इंग्रिडनं हवेत बार काढला, धाऽड! मला वाटलं, नेम चुकला. म्हणजे अस्वल अजून जिवंत! मग तर मी सुसाटच सुटलो.

धुक्यातून इंग्रिडनं बंदूक खांद्याला लावलेली दिसली. नळी माझ्याकडे. तेव्हासुद्धा माझ्या मनात काय, तर बाई, जरा वरून मार गं, मधे मी आहे!

तेवढ्यात एक ओळखीची किंकाळी आली. "अहोऽऽ! थांबा! नो शूट! नो शूट!" ही इंग्रिडच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी. पस्तीस वर्षांच्या संसारात हिनं माझं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. तिथे तरी कशी घेणार?

इंग्रिड ओरडली, "बाजूला हो! तुझा नवरा कुठे आहे?"

ही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "धिस बेअर! धिस बेअर माय हजबंड!"

मी तिथेच बसलो. शाल सुटून खाली पडली आणि नारिंगी जाकीट दिसलं. कुणीच हसलं नाही. इंग्रिडनं बंदूक खाली केली आणि ती एका दगडावर मटकन बसली. तेव्हा कुठे मला कळलं, अस्वल म्हणजे मीच!

ही माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. जिच्यावरून तिनं मला ओळखलं ती शाल उचलली, झटकली, माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "एवढी झोप येत होती तर मला सांगायचं ना." आणि रडायलाच लागली. तिचा हात धरून होडीपर्यंत गेलो.

त्या दिवसाची उरलेली भटकंती रद्द झाली. संध्याकाळी जेवणघरात उभं राहून माझ्या शिक्षकी इंग्रजीत सगळ्यांची माफी मागितली. इंग्रिडची वेगळी मागितली. ती म्हणाली, "पंधरा वर्षं हे काम करतेय. इतकी कधीच घाबरले नव्हते." पुढचे पाच दिवस मी तिच्या सावलीसारखा मागे. पण त्या पाच दिवसांत अस्वलाचा केससुद्धा दिसला नाही. कर्मचारी म्हणाले, कधी कधी दिसतच नाहीत, नशिबाचा भाग.

कर्जतला परत आलो. दुसऱ्या दिवशी कळंबहून भाजी आणणारी पार्वतीबाई दारात टोपली उतरवून विचारती झाली, "मास्तर, तिकडं पांढरी आस्वलं आसत्यात म्हनं. तुमी पायलं का नाय?"

मी घसा खाकरला. तोवर स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"पाहिलं गं! अगदी जवळून! बोटीवरच्या सगळ्यांनी पाहिलं."

मग ही हात पुसत दारात आली.

"यांना तेवढं दिसलं नाही."