हजेरीत माझं नाव

आज दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

तुम्हाला माहीतच आहे, मी अंबाजोगाईत शिकवते आणि फावल्या वेळात एका ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख तपासते. आमच्या गावाबाहेरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कंपनीवर नवा लेख आला होता. 'शेकडो कामगार आजही काम करतात,' असं त्यात होतं. पण या कंपनीबद्दल त्रयस्थ माणसानं लिहिलेली एक ओळही मला सापडेना. तशी सापडली नाही तर लेख काढून टाकावा लागतो. म्हटलं, आधी जाऊन बघू.

गेटवर म्हातारे वॉचमन होते. "मामा, कंपनी चालू आहे का?"

"चालूच हाय की. या."

आतली शेड रिकामी होती. एकही मशीन नव्हतं, पण फरशी लख्ख झाडलेली होती. खुंट्यांवर कामगारांचे सदरे ओळीनं टांगलेले होते, सगळे धुतलेले, इस्त्री केलेले.

"माणसं कुठं आहेत?"

"येतेत. माझ्या नातीनं लेख लिवलाय न्हवं? वाचून येतेत." मग त्यांनी वही पुढं केली. "सही करा."

मला वाटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असेल. सही केल्यावर नीट पाहिलं, तर ते हजेरीपत्रक होतं. आजच्या तारखेला दोनच नावं होती, त्यांचं आणि माझं.

"उद्या साडेआठला या, बाई," ते शांतपणे म्हणाले. "उशीर करू नका."

लेख नियमात बसत नाही, मी तो काढून टाकणार आहे. पण उद्या ते माझ्या नावापुढं गैरहजर लिहितील, हे डोक्यातून जात नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता का?