रांगेतला कुकर

लग्नानंतर नवरा मला पहिल्यांदा कुठे घेऊन गेला असेल तर घाटनांदूरजवळच्या एका धान्य गोदामाच्या रांगेत. बाकीच्या बायका महाबळेश्वरचे फोटो दाखवतात. माझ्या फोटोत मी, मागे आमच्या ट्रकचा फाळका आणि त्याला जवळजवळ टेकलेलं दुसऱ्या ट्रकचं तोंड.

खरं तर मी फिरायला निघालेच नव्हते. मी नवरा सोडून निघाले होते. अर्थात हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. नवरा ट्रकवर. कधीतरी नांदूरघाटला घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि उजाडायच्या आत निघून जायचा. घर दोन खोल्यांचं आणि माणसं ढीगभर. फोनवर तो विचारायचा, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." तो म्हणायचा, "बरं." झाला आमचा संसार. दारू, मारझोड असं काही असतं तर चारचौघांत सांगायला कारण तरी मिळालं असतं. तेही नाही, म्हणून मला जास्तच राग यायचा. एका अनोळखी माणसाच्या घरात मी भाकऱ्या थापत होते आणि माझी डी.एड.ची फाईल पेटीत पडून होती. शेवटी ठरवलं, युसूफ वडगावला आईकडे जायचं, एखाद्या शाळेत चिकटायचं आणि परत यायचं नाही.

सासूबाईंना म्हटलं, चार दिवस राहून येते. बॅगेत साड्या भरल्या, फाईल भरली आणि तळाशी आईने लग्नात दिलेला कुकर ठेवला. एकवेळ साड्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं, पण कुकर मी त्या घरात सोडणार नव्हते.

नवरा तांदळाची भरलेली गाडी घेऊन घरी आला होता. "मी सोडतो," म्हणाला. बॅगही त्यानेच उचलून कॅबिनमध्ये ठेवली. माझ्या माहेरचा फाटा आला, तरी गाडी सरळ पुढे गेली. मी बघितल्यावर म्हणाला, "भरली गाडी गावात कशाला घालायची? आधी खाली करू. दोन तासांचं काम हाय."

गोदामापाशी रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. हमालांचा मुकादम खांद्यावर पंचा टाकून एकेका गाडीपाशी वाराई मागत फिरत होता. माल उतरवायची हमाली व्यापारी देतोच. तरीही ड्रायव्हरने वर वेगळे पैसे द्यायचे, त्याला वाराई म्हणतात. ती का द्यायची हे कुणाला सांगता येत नाही, पण दिली नाही तर काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं.

"वाराई काढा आन् गाडी लावा," मुकादम म्हणाला.

"न्हाई देणार," माझा नवरा म्हणाला.

मुकादम त्याच्याकडे बघतच राहिला. "कावून?"

"न्हाई द्यायची."

"मग बसा."

"बसतो."

आणि आम्ही बसलो. मागच्या गाड्या पुढे जाऊन रिकाम्या होऊन परत जायला लागल्या. संध्याकाळपर्यंत बातमी रांगभर झाली आणि चार-पाच ड्रायव्हर आमच्या गाडीपाशी आले. "तुमी अडलाव तर आमी बी न्हाई देत," त्यांनी जाहीर केलं. माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला पुढारी व्हायचंच नव्हतं. पुढे काय करायचं, असं त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, "बघू." त्यांना त्यातही मोठा डाव दिसला आणि ते माना डोलवत आपापल्या गाडीकडे गेले.

मग भुकेचा प्रश्न आला. गाडीत स्टोव्ह होता, डाळ-तांदूळ होते, पण पातेल्याला भोक पडलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडं कुकर हाय."

"माहेरला कुकर?"

"आईचा बिघडलाय."

"बरं झालं," तो म्हणाला आणि कॅन घेऊन पाण्याला गेला. मला वाटलं, काय भोळा माणूस आहे.

कुकरच्या शिट्टीने सगळी रांग जागी झाली. दुसऱ्या दिवशी कुणी डाळ आणून दिली, कुणी कांदे. समोरच्या घरातल्या बाईने मला न्हाणीघर वापरू दिलं आणि जाताना वाटीभर वरण मागून घेतलं. आमच्या डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती होती, सगळ्या रांगेत शांत काय ती तेवढीच.

नवरा कांदा चिरायला बसला. इतका बारीक कांदा मी आयुष्यात चिरलेला नाही. चिरता चिरता तो बोलायला लागला. आधी रस्त्यांबद्दल, मग दहावीत इंग्रजीत दांडी उडाली त्याबद्दल. मग माझ्या डी.एड.बद्दल विचारलं, आणि मी सांगितलेलं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मान खाली घालून म्हणाला, "गाडी चालवताना तुझ्याशी काय बोलायचं ते मी पाठ करतो. तू फोन उचलला की समदं इसरतो. मग जेवलीस का, एवढंच निघतंय." मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे हा माणूस मला आवडायला लागला होता आणि बॅग तर भरलेली होती.

स्वतःचा आलेला सगळा राग मी मुकादमावर काढायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी तो वासावर आलाच. मी त्याला बोलावलं, पोटभर वरणभात वाढला, वर लोणचं. त्याने हात धुतल्यावर म्हटलं, "आता वाराई काढा."

"कसली?"

"ताट भरून दिलं ते जाऊ द्या. पण पोटात खाली झालं न्हवं? त्येची वाराई."

त्याचे हमालच आधी हसायला लागले. मुकादम ओशाळला. "वैनी, पोती वाहून पोरांच्या माना मोडत्यात. व्यापाऱ्याच्या हमालीत भागत न्हाई." ते काही खोटं नव्हतं. एकेकाच्या मानेवर घट्टे मला दिसत होते. मी म्हटलं, "मग व्यापाऱ्याला अडवा की. त्यो आमच्यासंगं लाईनीत झोपतो का?"

मुकादमाने पंचा झटकला आणि आमची गाडी आत घ्यायला सांगितली. दुपारपर्यंत गाडी रिकामी झाली, एक रुपया न देता. मागचे ड्रायव्हर माझ्याकडे आदराने बघत होते. नवऱ्याचा चेहरा मात्र मयताला आल्यासारखा. मी एवढा किल्ला जिंकून दिला आणि ह्याला कौतुक म्हणून नाही. माझं डोकंच फिरलं.

मी ताडपत्रीची दोरी गोळा करत होते तेव्हा मुकादम जवळ आला. "वैनी, एक इचारू का? ह्यो माणूस कवाच्यान इथं येतोय. दरवेळेला गुपचूप वाराई देतो, उलट चहा पाजतो. ह्या बारीलाच कावून अडला?"

मी दोरी गुंडाळून कॅबिनमध्ये चढले. रिकामी गाडी परतीच्या रस्त्याला लागली. माहेरचा फाटा आला, तशी त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"वाराई कावून दिली न्हाई?" मी विचारलं.

तो अंगठ्याने स्टिअरिंग पुसायला लागला. "बॅग उचलली तवाच कुकर हाताला लागला. चार दिसासाठी माहेरला जाताना कुणी कुकर नेतंय का?"

"मग तवाच इचारायचं."

"इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," तो म्हणाला. "वाटलं, लाईनीत दोन-चार दिवस मिळतील. तू तर लगीच गाडी खाली करून घेतली."

मी खाली उतरले. त्याने वरून बॅग दिली. मी ती रस्त्यावरच उघडली, कुकर काढला आणि सीटवर ठेवला.

"शनिवारी न्यायला या," मी म्हटलं.

"आन् आईचा कुकर?"

"त्यो झाला नीट."