शोकेसमधले चोवीस ग्लास

आमच्या ह्यांचे कान म्हणजे देवाची देणगी, असं प्रिटोरियाजवळचं आमचं अख्खं मामेलोडी म्हणतं. मी म्हणते, देणगी कसली, डोक्याला ताप आहे नुसता. मातोमे सेलोवा हे नाव बस डेपोत कुणालाही विचारा. बत्तीस वर्षं ह्यांनी बसची इंजिनं दुरुस्त केली. गाडी फाटकातून आत येतायेताच हे सांगायचे, "मागच्या डाव्या चाकापाशी एक नट ढिला आहे." बघावं तर असायचाच. आणि असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, तर स्वतःच्या बैठकीतली झिणझिण त्याला सापडेना! काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय.

झिणझिण म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची. आमच्या भागात जॅझ ऐकणाऱ्यांचं मंडळ आहे. बारा सभासद, सगळे पिकल्या केसांचे. महिन्यातल्या एका रविवारी, चर्च आटोपलं की एकाच्या घरी जमायचं. काखेत आपापल्या तबकड्या, पायात बूट असे की त्यात बघून दाढी करावी. तबकडी लागली आणि मनाला भिडली, की एक जण उठतो, मधोमध जातो, एकटाच नाचतो, रुमालाने बुटावरची नसलेली धूळ झटकतो आणि जागेवर येऊन बसतो. मग दुसरा उठतो. कुणाच्या घरच्या आवाजाला कुणी नावं ठेवत नाही, तशी रीतच नाही. आवाज बरा नसला तर फक्त कुणी उठत नाही. हाताची घडी घालून बसतात, माझ्या हातची वजडी मिटक्या मारत खातात, "छान, सेलोवा, छान" म्हणतात आणि घरी जातात. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

हे निवृत्तीनंतर मंडळात आल्यापासून आमच्याकडे तीन वर्षं ओळीनं कुणी उठलं नव्हतं.

पहिल्या वर्षी ह्यांनी सुई बदलली. सुईच्या दांड्यावर चिकटपट्टीने एक नाणं लावलेलं होतं, सुई उडू नये म्हणून. इथे सगळेच लावतात. ह्यांनी ते काढून फेकलं. म्हणाले, "ह्या नाण्यानं माझ्या तबकड्यांची सालं काढलीयत." मग सोनाराकडे असतो तसला इवलासा काटा आणून दांड्याचं वजन करत बसले. दुसऱ्या वर्षी अंगणातली फरशीची लादी उचलून आत आणली, टेनिसचे बॉल अर्धे कापून तिच्याखाली घातले आणि वर प्लेअर बसवला. गवंड्याकडची पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत तीन दिवस माझं स्वयंपाकघर बंद. तिसऱ्या वर्षी म्हणे वायरीला अर्थिंग हवं. अंगणात लोखंडी सळई पुरली, आणि तिच्याभोवती ओल राहावी म्हणून रोज सकाळी तिला पाणी घालायला लागले. शेजारची रेबोने कुंपणावरून विचारायची, "काय हो काका, सळईला पालवी कधी फुटणार?"

"तुला अक्कल फुटेल त्या दिवशी!" हे म्हणायचे.

तबकड्या तर बाळाच्या ब्रशनं धुवायचे. मोकगादी, आमची लेक, तान्ही असताना तिचं जावळ तरी कधी विंचरलं होतं ह्यांनी? आवाज हळूहळू सुधारत गेला, हे खरं. गाणाऱ्या बाईचा श्वास ऐकू यायला लागला. पण ती झिणझिण काही जाईना.

आता शोकेसचं सांगायलाच हवं. आमची बैठक काडेपेटीएवढी. एक अख्खी भिंत शोकेसनं व्यापलेली. मधल्या खणात प्लेअर, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि वर काचेच्या दारांमागे माझे चोवीस ग्लास. सोनेरी काठाचे, प्रत्येकाखाली मी विणलेला क्रोशाचा रुमाल. एकोणीस वर्षं मी प्रिटोरियात एका बाईच्या घरी तिचे ग्लास धुतले. पाहुण्यांचे उष्टे, ओठांची लाली लागलेले. स्वतः पाणी प्यायचे ते पत्र्याच्या मगातून, तो मागच्या दाराशी वेगळा ठेवलेला असायचा. ते काम सुटलं त्या आठवड्यात मी हे चोवीस आणले आणि सांगून टाकलं, "ह्यातून कुणी पिणार नाही. पिऊ दिलं की ते धुवावे लागतात उष्टे. मी ह्यांच्याकडे फक्त बघणार आहे." सत्तावीस वर्षं कुणाची हात लावायची छाती झाली नाही.

मोकगादीच्या बाबांना मात्र एक घाणेरडी खोड होती. तबकडी लागली की शोकेसपाशी उभं राहायचं आणि पंजा काचेच्या दारावर टेकवायचा. मंडळ आलं की तर हमखास. सगळे बसलेले, आणि हे आपले फोटो काढायला उभे राहिल्यासारखे. स्वतःच्या घरी कधी नाचले नाहीत ते. दुसऱ्या दिवशी मी काचेवरचे पाच बोटांचे ठसे पुसायचे आणि तोंडाचा पट्टा सोडायचे.

ह्या वर्षी आमची पाळी जवळ आली. एका संध्याकाळी उकड आणि पालेभाजी पुढ्यात घेऊन बसले होते. म्हणाले, "मोकगादीच्या आई, ह्या रविवारी कुणी उठलं नाही तर तबकड्या मोथापोला देऊन टाकतो." मोथापो म्हणजे मंडळाचे अध्यक्ष.

"आणि तुम्ही काय करणार? सळईला पाणी घालणार?"

हे हसले नाहीत. म्हणजे खरंच देणार होते. ज्या माणसानं पहिल्या पगारातून तबकडी आणली होती, जेवणाचं ताट आणायचं सोडून!

गुरुवारी हे एक तबकडी लावून सळईला पाणी घालायला बाहेर गेले. मी रविवारसाठी ग्लास पुसायला काढले. तिसऱ्या फळीवरचे चार काढले, पाचवा काढला, आणि माझा हात हवेत तसाच राहिला. झिणझिण बंद! बास म्हणतात त्या मोठ्या तारवाद्याचे स्वर एकेक पाऊल टाकत आले, पायऱ्या मोजाव्यात इतके स्पष्ट. मी पाचवा परत ठेवला. झीं. काढला. गप्प. वरच्या फळीवरचेही दोघेतिघे मोठा स्वर आला की कुजबुजत होतेच. अगं बाई! चोर माझ्याच घरात, माझ्याच लाडाचा!

हे आत यायच्या आधी मी सगळे ग्लास होते तसे लावले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. खोटं कशाला बोलू, मला ते काढायचे नव्हते. मंडळींसमोर बोडकी शोकेस ठेवायची? मनात म्हटलं, कुणीतरी उठेलच की ह्या वेळी.

रविवारी सगळे आले. मोथापो पांढऱ्या-तपकिरी बुटांत, डोक्यावर हॅट. यजमानानं पहिली तबकडी लावायची असते, ह्यांनी लावली. पंजा काचेवर टेकवून उभे राहिले. एका हातानं एकच दार दाबलं जातं. दुसऱ्यामागचे ग्लास गुणगुणायला लागले. कुणी उठलं नाही. दुसरी तबकडी लागली. हातांच्या घड्या पडल्या. मोथापो म्हणाले, "छान, सेलोवा, छान."

ह्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे तबकड्यांचा खोका होता. सुतळीनं आधीच बांधून ठेवलेला. मला ते बघवेना.

"सरका बघू जरा," मी ह्यांना म्हटलं, सवयीनं काचेवरचे ठसे पुसले आणि शोकेसची दोन्ही दारं सताड उघडली.

"मोकगादीच्या आई, काय करतेस?"

"माणसांना तहान लागलीय, दिसत नाही?"

"अगं, प्लास्टिकचे पेले आहेत की बाहेर!"

"असू देत. पोरांना होतील."

मी जेमेरे, म्हणजे आमचं आल्याचं घरगुती पेय, एकेका ग्लासात ओतलं आणि एकेकाच्या हातात दिलं. बारा सभासद, सोबत आलेल्या काहींच्या बायका, दारात डोकावणारी रेबोने. तिसऱ्या फळीवरचा पाचवा मोथापोंना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, चर्चमधला पवित्र पेला असल्यासारखा. "वहिनी, ह्यातून प्यायचं? माझे हात कापतात हो."

"कापू द्या. फुटला तर तुमच्या दारात येऊन गळा काढीन."

सगळे हसले. उरलेले दोन-तीन मी ओट्यावर ठेवून आले. मग ह्यांना म्हटलं, "बघता काय? पहिली परत लावा."

ह्यांनी सुई टेकवली. तार चालत आली, मग तुतारी, मग ती बाई, अगदी आमच्यात बसून गात असल्यासारखी. मोथापोंनी ग्लास एका घोटात रिकामा केला, बायकोच्या हातात दिला आणि उठले. पांढऱ्या-तपकिरी बुटांत माझ्या पॉलिश केलेल्या लाल जमिनीवर असे काही फिरले की रेबोनेनं शिट्टी मारली. ते बसले तर दुसरा उठला. मग दोघे एकदम उठले आणि "तू बस, तू बस" म्हणून भांडायला लागले.

मी रिकाम्या शोकेसपाशी उभी होते. हे जवळ आले. मी हळूच म्हटलं, "चुकलं माझं. मला गुरुवारी कळलं होतं. मी बोलले नाही."

"तिसऱ्या फळीवरचा, उजवीकडून पाचवा," हे म्हणाले. "आणि वरचे तीन."

"तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्या वर्षीपासून. कान आहेत मला."

"मग ती लादी, ते बॉल, ती मेली सळई? बोलला का नाहीत?"

"एकोणीस वर्षं तू परक्यांचे ग्लास धुतलेस," हे म्हणाले. "मी म्हटलं, आधी बाकीचं सगळं करून बघू."

मला रडूच कोसळलं. भर मंडळात! पदर नव्हता, तर ह्यांच्याच बाहीला डोळे पुसले. "तबकड्या देऊन टाकणार होतात, पण मला एका शब्दानं म्हणाला नाहीत," मी म्हटलं. "मूर्ख आहात तुम्ही."

"आहे," हे म्हणाले. मग शोकेसकडे पाहिलं, स्वतःच्या पंजाकडे पाहिलं. त्याला आता धरायला काही नव्हतं. तबकडी अजून चालू होती. मोकगादीचे बाबा खिशातला रुमाल काढत मधोमध गेले आणि स्वतःच्या घरात पहिल्यांदा नाचले.

सोमवारी ते ग्लास मीच धुतले. उष्टे होते, पण आमच्याच माणसांचे. शोकेस पुसायला फडकं घेतलं, तर काचेवर एकही ठसा नव्हता.