शुक्रवारची डिस्क

माझे सासरे जन्मभर कारकून. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत यांचं टाइप करून झालेलं असायचं. निवृत्तीनंतर घरातल्या जुन्या संगणकावर ते नारपोलीतल्या निम्म्या आळीचे अर्ज लिहून द्यायचे. मी या घरात आले तेव्हा लग्नात माझं नाव बदललं, आणि रेशनकार्डापासून बँकेपर्यंत ते बदलून घ्यायचे सगळे अर्जही त्यांनीच हौसेने टाइप केले. त्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बोटं चालवत ठेवा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. दाबायला रबरी चेंडू आणला, तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीतून खाली टाकला.

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? टाइप करीन मी."

आणि नेमका तेव्हाच संगणक बसला. जुनी विंडोज उघडेना, नवी त्याला पेलेना. नवरा नवा लॅपटॉप घेऊ म्हणाला. पण त्या चपट्या बटणांवर बोट पडल्याचं सासऱ्यांना कळायचंच नाही, आणि त्यांच्या जुन्या कीबोर्डची गोल पिन लॅपटॉपला बसेना. शेलार गावातल्या शाळेत मी शिकवते. तिथली एक मैत्रीण म्हणाली, "लिनक्स टाक. फुकट आहे आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालतं." पण आमचं मशीन इतकं म्हातारं की पेनड्राइव्ह ओळखायलाच तयार नाही. त्याला डीव्हीडीच हवी. मैत्रिणीचाच जुना लॅपटॉप उसना आणला, त्यात डीव्हीडी राइट व्हायची. कोऱ्या डिस्क आणायला गेले तर दुकानदार हसला.

"भाभी, अब डीव्हीडी कौन लेता है? बस पाँच बची हैं, ले जाओ."

पहिली माझ्या अकलेने गेली. डाउनलोड केलेली फाइल मी नुसती उचलून डिस्कवर ठेवली, डब्यात लाडू ठेवावा तशी. संगणक ढिम्म. ती फाइल उलगडून डिस्कवर उतरवावी लागते हे मैत्रिणीने फोनवर सांगितलं. तसं केलं, तर राइट झाल्यावर लॅपटॉपने केलेल्या तपासणीत दुसरी नापास झाली. तिसरीही. मी लॅपटॉपला, दुकानदाराला आणि लिनक्सला एका दमात शिव्या घातल्या.

सासरे शेजारी खुर्चीत होते. टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याकडे बघत होते.

"आज वार कुठला?"

"बुधवार."

"मग शुक्रवारी कर."

आमच्या भिंतीपलीकडे कापड विणायचे लूम आहेत. त्यांचा खडखडाट आता आम्हाला ऐकूच येत नाही, पण टेबल सारखं थरथरत असतं. शुक्रवारी लूमला सुट्टी. सासरे महत्त्वाच्या कागदावरची सही कायम शुक्रवारी करायचे आणि वस्तऱ्याने दाढीही. हे मला माहीत होतं. पण माझं चुकतंय हे त्यांनी सांगावं आणि मी लगेच ऐकावं, असं आमच्यात कधी झालेलं नाही. त्याच संध्याकाळी मी चौथी डिस्क घातली. तीही गेली. सासऱ्यांनी डाव्या हाताने पेला फक्त माझ्याकडे सरकवला, त्याचाच मला जास्त राग आला.

आता एकच उरली होती. दोन दिवस त्यांचा हात मांडीवर तसाच पडून होता.

शुक्रवारी शाळेतून आले तेव्हा पेल्यातलं पाणी स्थिर होतं. सगळ्यात कमी वेग निवडून मी राइट सुरू केलं आणि टेबलाला धक्का लागू नये म्हणून खुर्ची मागे ओढून बसले. डिस्क तपासणीत पास झाली. जुन्या संगणकात घातली, तो घरघरला, आणि पडदा उजळला. सासऱ्यांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

थोड्या वेळाने पडद्यावर रकाना आला. हा संगणक कोणाचा? नाव लिहा. मी कीबोर्डकडे हात नेला, तो त्यांनी बाजूला सारला. डाव्या हाताने उजवा उचलून बटणांवर ठेवला. एक बोट सावकाश खाली आलं. एक अक्षर उमटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरं.

तिसऱ्या अक्षराला मला कळलं की ते त्यांचं नाव नाही. पाच अक्षरं झाली तेव्हा पडद्यावर माझं माहेरचं नाव होतं. बावीस वर्षांत या घरात ते कोणी उच्चारलं नव्हतं.

"बाबा, हे कशाला?"

"माझं लांबलचक आहे. हाताला झेपत नाही."

"पण हे आता माझं कुठंय?"

"तुझंच आहे. बदलायचे अर्ज मी केले होते ना? मग मला विचार."

मला एकदम रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. पुढचा रकाना पासवर्डचा होता. तोही त्यांनीच भरला, उजव्या हाताने.