दूधवाल्याच्या घरचा उपाशी नातू

आमच्या सोसायटीच्या गेटशी सकाळी स्कूटरचा हॉर्न एकदाच वाजतो. दुसऱ्यांदा वाजवणं बजरंगआबांना कमीपणाचं वाटतं. वराळ्यात हे टॉवर उभे राहायच्या कितीतरी आधीपासून त्यांचा गोठा आहे, आणि आम्ही सगळे नंतर आलेले. तेव्हा पातेलं घेऊन खाली आपण यायचं. आबा वर येणार नाहीत. दुधात पाणी घालता का, असं कुणी विचारलंच तर शांतपणे सांगतात, "म्हस पानी पिते, ताई. तेवढं येनारच."

मागच्या थंडीत त्यांची लेक आरती पहिल्या बाळंतपणासाठी कुसगावहून माहेरी आली. मुलगा झाला. आबांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. पण दोन आठवडे होतात न होतात तोच त्यांचा चेहरा उतरला. मिशीसुद्धा खाली आल्यासारखी दिसायला लागली. माप ओतता ओतता ते थांबायचे आणि पातेल्यातल्या दुधाकडे बघत राहायचे.

"काय झालं आबा?" एकदा न राहवून मी विचारलं.

"पोरगं सारखं पितंय वो. पिऊन झालं की रडतंय, रडून झालं की पितंय. पोरीला दोन घास खाऊ देत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बारशाला कुसगावचे पावने येनार. काय म्हनतील? सगळ्या वराळ्याला दूध घालतोय आन् घरात नातू उपाशी!"

मी बाळंतशोपांची पुडी घेऊन त्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. पुढची खोली, मग एक फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याआड बाळंतिणीची खोली. पडद्याबाहेर, आत पाठ करून, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आबा बसले होते. बाळ झाल्यापासून ते पडद्याच्या आत गेले नव्हते. लेक पाजत असणार, बापानं कसं जायचं? आणि ती तर जवळजवळ सारखीच पाजत होती. त्यामुळे लेकीला जे काही सांगायचं ते बायकोच्या, रतनबाईंच्या मार्फत.

"तिला म्हनावं," आबा गोठ्याकडे बघत म्हणाले, "सारखं सारखं लावू नगं. दोन टाइम पाजायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधी जरा साठू द्यावं. मग पोटभर येतंय."

रतनबाईंनी पडद्यात डोकं घातलं. "तुझे आबा म्हनत्यात, दोन टाइम पाज."

"त्यांना सांग, मी म्हैस नाहीये," आतून उत्तर आलं.

रतनबाईंनी डोकं बाहेर काढलं. "ती म्हनतिया, ती म्हस न्हाई."

"ऐकलं मी," आबा म्हणाले.

मी आत गेले. ओव्याच्या धुरीचा वास कोंडला होता. आरती भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला रुमाल, डोळ्यांखाली काळं. मांडीवर बाळ, आणि उशाशी डिंकाचा एक लाडू. अर्धा खाल्लेला. दुसरा अर्धा खायला हात मोकळा होईना.

"आई मला पेंड चारल्यासारखी चारतेय," ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "ताई, खरंच पुरत नसेल का हो माझं? येणारी प्रत्येक बाई तेच म्हणते. कुणी म्हणतं पातळ आहे, कुणी म्हणतं वरचं चालू कर. मला नाही द्यायचं वरचं. पण हा असा रडायला लागला की वाटतं, आपल्याच हट्टापायी उपाशी राहतोय की काय."

माझ्या दोन्ही पोरांनी मला असंच खुंटीला बांधल्यासारखं बसवून ठेवलं होतं. मी तिला तेच सांगितलं. एवढंसं पोट, आईचं दूध पचतंही चटकन, मग पुन्हा भूक. संध्याकाळी तर ही मंडळी पंगतीला बसल्यासारखी बसतात, उठतच नाहीत. थोडे आठवडे जातात हे असे.

"मी काय म्हनते," रतनबाई लाडू लेकीच्या तोंडात कोंबत म्हणाल्या. "दोरीवर बघ. लंगोट वाळवायला जागा न्हाई. म्हशीच्या शिंगाला अडकाय लागल्यात. खालून एवढं जातंय म्हंजे वरून येत असंलच की! आन् दवाखान्याची आशाताई काल बाळाचं वजन करून गेली. वाढलंय म्हनली."

"हे आबांना सांगा ना," मी म्हटलं.

"माझं ऐकत्यात व्हय? तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा."

मी बाहेर येऊन सगळं पुन्हा सांगितलं. आबा मान डोलावत राहिले. जिला आयुष्यात एकदाही धार काढता आलेली नाही तिचं बोलणं माणूस जसं ऐकून घेतो, तसं.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पन ह्यातलं आमाला जरा जास्त कळतंय."

निघताना रतनबाईंनी मला अळिवाची खीर बांधून दिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा डबा परत द्यायला गेले, तर घरात रडण्याचा कल्लोळ. आबा तळेगावहून दूध पाजायची बाटली घेऊन आले होते. स्वतः चुलीपुढे उभं राहून त्यांनी म्हशीचं दूध तापवलं होतं आणि आता त्यात पाणी घालत होते. त्यात किती पाणी घालायचं हे आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अवो, नगा," रतनबाई म्हणाल्या. "तिच्या मनात न्हाई."

"तिच्या मनाचं काय घिऊन बसलीस? पोराच्या पोटाचं बघ! ही घे, आत दे."

रतनबाईंनी बाटली घेतली, पण पाय उचलेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पडद्याकडे. आत रडणं जरा थांबलं, आणि आरतीचा आवाज आला. आईला नव्हे, थेट बापाला.

"आबा, गंगी म्हैस मागल्या वर्षी आटवलीत. कशी आटवलीत?"

धंद्यातलं विचारल्यावर आबांना गप्प राहवत नाही. बाटली विसरून ते खुर्चीत ताठ बसले. "कशी म्हंजे? गाभन होती, सातवा लागलावता. एक टाइमची धार चुकवायची. मग दिवसभराची चुकवायची. कासेत साठून ऱ्हायलं की तिचं तिला कळतंय, आता घेनारं कुनी न्हाई. मग ती आपोआप..."

आबा थांबले.

गोठ्यात गंगीनं शेपटी आपटली. रतनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मग मला का आटवताय?" पडद्यामागून आवाज आला. आता तो जरा ओला होता.

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग गोठ्याकडे बघितलं. तिथं गंगीचं रेडकू सुटं होतं. आईच्या कासेला डोक्यानं ढुशा देत होतं, दोन घोट प्यायचं, सोडायचं, ओरडायचं, पुन्हा ढुशी.

"पोरगं पिताना डोकं मारतंय का गं?" आबांनी विचारलं. पहिल्यांदाच रतनबाईंना मधे न घालता.

"मारतंय. सोडतं, रडतं, परत धरतं."

"पान्हा मागतंय ते," आबा पुटपुटले. "मागू दे. मागंल तवा दे." मग मोठ्यानं, "आन् त्या अळिवाच्या खिरीत तूप घाल गं जरा जास्त! पोरीनं सकाळधरनं काय खाल्लंय?"

म्हशीची सवय सहा महिन्यांत पालटत नाही, पण आबा एका संध्याकाळीत पालटले. आता त्या खुर्चीवरून ते राखण करू लागले. सल्ला द्यायला आलेल्या बायांना "पोरगी निजलीया" असं सांगून टोपडं-झबलं बाहेरच ठेवून घ्यायचे आणि चहा पाजून वाटेला लावायचे. बाळ पिऊन झालं की रतनबाई त्याला बाहेर आणून आबांच्या खांद्यावर टाकत. त्याचा ढेकर निघेपर्यंत आबा गोठ्याला फेऱ्या घालत, आणि तेवढ्यात आरती डोळा लावून घेई. एका सकाळी तर मी गेटशी दुधासाठी ताटकळत उभी. आबा आले ते खांद्यावर बाळानं काढलेल्या दुधाचा ओघळ घेऊनच. "गिऱ्हाईक आडून बसलंवतं," म्हणाले.

बारशाला कुसगावहून विहीणबाई आल्या, सावित्राबाई. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बाळानं तासाभरात पुन्हा टाहो फोडला. आरती उठून पडद्याआड गेली. सावित्राबाईंच्या भुवया वर गेल्या.

"आत्ता तर पाजलंवतं की. पुरत न्हाई का दूध?"

पडदा हलायचा थांबला. आरती आत कान देऊन उभी असणार, हे मला इकडून कळत होतं.

आबा खुर्चीतून उठले. हात जोडले.

"विहीनबाई, आमचा दुधाचाच धंदा हाय. ह्या वयाच्या गिऱ्हाइकाला टाइम नसतोय. त्यानं मागायचं आन् तिनं द्यायचं. मागनं थांबलं की दूध थांबतंय. हे मी गंगीकडनं शिकलोय."

"गंगी कोन?" सावित्राबाईंनी विचारलं.

"आमची म्हस."

पडद्यामागून आरतीचं हसू फुटलं. सावित्राबाई क्षणभर गोंधळल्या, मग त्याही हसल्या. "हिला न्यायची झाली की मग गंगीलाबी धाडा संगट," म्हणाल्या, आणि उठून सुनेसाठी तांब्याभर पाणी आत घेऊन गेल्या.

ती बाटली वाया गेली नाही. शेजारच्या शेरडीला तीन करडं झाली, तिसऱ्याला सड पुरेना. आबा रोज त्या बाटलीनं त्याला म्हशीचं दूध पाजायला जातात. मी विचारलं, "पाणी किती घालता?"

"त्याला इचारता येत न्हाई," आबा म्हणाले, "म्हनून अजाबात न्हाई."